न पाहिलेल्या देशाचा राजीनामा

झाहले, ६ मार्च २०१८

प्रिय नुहाद,

काल बँकेतून एका मुलीचा फोन आला. म्हणाली, "सर, तुम्ही अमेरिकन आहात." मी म्हटलं, "पोरी, मी इथंच, झाहलेत, नन्सच्या शाळेत अडतीस वर्षं गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालो. सायप्रससुद्धा पाहिलेलं नाही." ती म्हणाली, "तुमच्या पासपोर्टवर जन्मस्थान टोलिडो, ओहायो आहे."

आहेच. बाबा तिथं काचेच्या कारखान्यात होते, तेव्हा मी झालो. सात महिन्यांचा असताना आई मला कुशीत आणि तुला हाताला धरून परत घेऊन आली. पुढं तू लग्न करून पुन्हा तिकडंच गेलीस, मी इथंच राहिलो. साठ वर्षं टोलिडो हे माझ्या कागदांवरचं एक गमतीचं नाव होतं. आता तोच गुन्हा झालाय. अमेरिकन माणसाचं खातं जगात कुठंही असलं तरी बँकेनं ते अमेरिकेला कळवायचं, असा नियम आहे म्हणे. मी फॉर्म भरायचा, तिकडचा कर-क्रमांक द्यायचा. नाहीतर खातं बंद.

त्या खात्यात माझे निवृत्तीचे पैसे आहेत. शिवाय आणखी काय आहे ते तुला ठाऊक आहे.

ओडेटला सांगितलं तर हिचं भलतंच. "म्हणजे एकोणतीस वर्षं मी परदेशी माणसाचे मोजे धुतेय!"

हसू नकोस. काय करू ते कळव.

तुझा वदीअ


टोलिडो, २९ मार्च २०१८

वदीअ, माझ्या राजा,

हसले. पोट धरून हसले. फौझीशी लग्न करून मी इथं आले, नऊ वर्षं कागद घेऊन रांगेत उभी राहिले, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची नावं पाठ केली, तेव्हा कुठं एका न्यायाधीशानं माझ्याशी हात मिळवला. आणि तुला ते नाळेबरोबर फुकट मिळालं, तर तू तोंड वाकडं करतोस!

अरे, हे संकट नाही, ही किल्ली आहे. पासपोर्ट काढ आणि ये. फौझी गेल्यापासून चार खोल्यांत मी एकटी असते. रेमंड, पोटचा पोर, रविवारी येतो, घड्याळ बघत जेवतो, जातो. तू आणि ओडेट या, सहा महिने राहा.

आपल्या चर्चमध्ये एक म्हातारा आहे, करांची कामं करतो. आजोबा खुरी होते, हा स्वतःला अॅल कोरी म्हणवतो. अरबीत त्याला फक्त शिव्या आणि पदार्थांची नावं येतात, पण माणूस सरळ आहे. त्याला तुझं सांगितलंय. त्याच्याशी सगळं बोल.

सगळं म्हणजे तुझं. माझं नको.

नुहाद


झाहले, १४ सप्टेंबर २०१८

प्रिय नुहाद,

अॅल कोरीनं पाठवलेली यादी वाचून मी तासभर गच्चीत बसलो होतो. मागच्या तीन वर्षांची करविवरणं, सहा वर्षांचे खात्यांचे तपशील, आणि पुढं दरवर्षी तेच, मरेपर्यंत. कर फारसा लागणार नाही म्हणतो, पण भरणं चुकणार नाही. ह्यातून सुटायचं असेल तर नागरिकत्व सोडायचं. सोडण्यासाठी मागच्या पाच वर्षांचं सगळं भरलंय अशी शपथ घ्यायची. भरण्यासाठी क्रमांक हवा. क्रमांकासाठी आपण अमेरिकन आहोत हे सिद्ध करायचं. थोडक्यात, अमेरिकन नसायला आधी अमेरिकन व्हावं लागतं. असलं उदाहरण मी मुलांना घातलं असतं तर नन्सनी मला काढून टाकलं असतं.

तर झालो. तीनदा बैरूतला अमेरिकन वकिलातीत गेलो. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेची प्रगतिपुस्तकं, आईचं जहाजाचं तिकीट, सगळं नेलं. खिडकीतली बाई गोड होती. निळा पासपोर्ट हातात देऊन म्हणाली, "वेलकम होम." मी मागं वळून पाहिलं, कुणाला म्हणतेय म्हणून.

आता मुद्द्याचं. अठरा वर्षं तू येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हाती पाकिटं पाठवलीस आणि मी ती माझ्या नावावर टाकत गेलो. आपल्या घरावर तुझ्यासाठी दोन खोल्या आणि सन्नीनच्या डोंगराकडे तोंड केलेली बाल्कनी बांधायची म्हणून. ते शहाऐंशी हजार डॉलर झालेत. फॉर्मवर खात्यातली सगळी रक्कम लिहायची आहे. पैसे दुसऱ्याचे असतील तर तसं लिहायची सोय आहे, पण मग मालकाचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. तुझं नाव लिहितो. खरं ते खरं.

वदीअ


टोलिडो, २० ऑक्टोबर २०१८

वदीअ,

माझं नाव लिहू नकोस. तुला आईची शपथ.

ऐक. ते पैसे मी फौझीला कळू न देता जमवले. शिवणाचे, केटरिंगचे, लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळल्याचे. तो म्हणायचा, "तिकडं काय पुरलंय तुझं?" तो गेल्यावर रेमंडलाही सांगितलं नाही. माझे कर रेमंडच भरतो. दरवर्षी त्या कागदावर प्रश्न असतो, परदेशात पैसे आहेत का? तो दरवर्षी विचारतो, "ममा, नाही ना?" मी म्हणते, "नाही रे." आणि खाली सही करते. आता तुझ्या कागदावर माझं नाव आलं तर दंड राहू दे, पण माझा मुलगा मला काय म्हणेल? मला इथं त्याच्याशिवाय कोण आहे?

तू तुझे म्हणून लिही. तुला काय फरक पडतो?

नुहाद


झाहले, १२ जानेवारी २०१९

नुहाद,

लिहिले. माझे म्हणून.

वदीअ


झाहले, २५ नोव्हेंबर २०१९

प्रिय नुहाद,

तू पैसे काढून ठेव म्हणून निरोप पाठवलास. उशीर झाला. ऑक्टोबरात लोक रस्त्यावर उतरले आणि बँका दोन आठवडे बंद. उघडल्या तेव्हा दाराला लोखंडी पत्रे ठोकलेले. आत आठवड्याला दोनशे डॉलर देतात, तेही कधी देतात, कधी उद्या या म्हणतात. परदेशी पाठवायला तर साफ नाही. शाखेचा मॅनेजर माझा विद्यार्थी आहे, भागाकारात कच्चा होता. माझ्यासमोर रडला. "उस्ताद, आकडा आहे, पैसे नाहीत."

माझा मित्र हबीब दंतवैद्य. त्यानं काउंटरवर कवळ्यांचा डबा आपटला आणि ओरडला, "हे घ्या, चावायला! आमचं खाऊन झालं असेल तर!" सगळे हसले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

तुझे पैसे तिथंच आहेत. माझेही. मी रोज जातो.

वदीअ


टोलिडो, ११ जानेवारी २०२०

वदीअ,

मला शेवटी रेमंडला सांगावं लागलं. जेवता जेवता सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "बँक उघडी आहे, खात्यात आकडा आहे, आणि पैसे मिळत नाहीत? ममा, असं जगात कुठंही होत नाही." मी म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, "मामानं शपथेवर सरकारला लिहून दिलंय की पैसे त्याचे आहेत. तुझ्याकडे काय लिहिलेलं आहे?"

माझ्याकडे काही लिहिलेलं नाही.

मी तुला एकदाच विचारते. पैसे खरंच अडकलेत का?

नुहाद


झाहले, ९ फेब्रुवारी २०२०

नुहाद,

मी तुझा भाऊ आहे. ह्यापेक्षा वेगळं उत्तर मला येत नाही.


झाहले, ३ जून २०२१

नुहाद,

सव्वा वर्षात तुझं पत्र नाही. हे मी हबीबच्या मुलीबरोबर पाठवतोय. वाच, नाहीतर फाड.

माझे निवृत्तीचे पैसे आकड्यातच संपले. तुझ्या रकमेला मी हात लावलेला नाही. लावता येत असता तरी लावला नसता. बँक आता त्या डॉलरचे इथले लिरा देते, कवडीच्या भावानं. औषधाच्या दुकानात रिकाम्या फळ्या आहेत. ओडेटच्या रक्तदाबाच्या गोळ्या नायला दुबईहून पाठवते. माझ्या मुलीनं मला पोसायचं, असे दिवस आले.

आणि तरी दर वसंतात मी टेबलाशी बसतो आणि अमेरिकेला कळवतो की माझ्याकडे शहाऐंशी हजार डॉलर आहेत. तिकडच्या कागदावर मी खाऊनपिऊन सुखी माणूस आहे. खाली लिहिलेलं असतं, वरील मजकूर खरा आहे, खोटा आढळल्यास शिक्षेस पात्र. मी सही करतो. बहिणीचे पैसे माझे आहेत अशी दरवर्षी शपथ घ्यायची, आणि बहीण समुद्रापलीकडे तेच खरं मानून बसलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

म्हणून ठरवलंय. पाच वर्षांचे कागद पुरे झालेत, आता नागरिकत्व सोडायचं. साथीमुळं वकिलातीत हे काम बंद आहे, यादीत नाव टाकलंय. फी दोन हजार तीनशे पन्नास डॉलर. खऱ्या नोटांत. गाडी विकीन. ओडेट म्हणते, "ज्या देशानं कधी पाणीसुद्धा पाजलं नाही त्याला सोडचिठ्ठी द्यायला गाडी विकायची?" तिचं बरोबर आहे. पण मला ती सही पुन्हा करायची नाही.

वदीअ


टोलिडो, १८ सप्टेंबर २०२२

वदीअ, भावा,

हे पत्र आमच्या चर्चमधल्या उम्म एलीच्या सुनेबरोबर देतेय. ती दोन दिवसांत निघतेय. तुझा फोन लावला तर कुणी भलतीच बाई उचलते. तू ती लाइन परवडत नाही म्हणून सोडलीस, हे सुनेनं सांगितलं. आणि खरं सांगू? फोनवर मला हे बोलताही आलं नसतं.

परवा चर्चच्या तळघरात कुणाच्या तरी मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं. अॅल कोरी माझ्या शेजारी बसला. त्याचं आता वय झालंय, बोलायला नको ते बोलून जातो. म्हणाला, "नुहाद, तुझा भाऊ वेडा आहे. दर एप्रिलला मला एकच प्रश्न विचारतो. मालकाचं नाव न लिहिता, हे पैसे माझे नाहीत एवढंच लिहायला एखादा रकाना आहे का? मी सांगतो, नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारतो. यंदा म्हणाला, अॅल, एक छोटा रकाना काढायला सांग ना त्यांना."

मी ताट तसंच ठेवून घरी आले.

मी तुला चोर समजले, वदीअ. दोन वर्षं आठ महिने समजले. तुझी पत्रं ट्रंकेत टाकली, शेवटचं फोडलंही नव्हतं, त्या संध्याकाळी फोडलं. रेमंडला वाचून दाखवलं. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ममा, मी काय करू?" मी म्हटलं, मामाला बोलावून घे.

आता दुसरी गोष्ट. माझी किडनी गेली. मार्चपासून आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडतात. डॉक्टर विमानाला साफ नाही म्हणतात, म्हणजे मी येणं संपलं. बाल्कनी गेली खड्ड्यात. पण तुझ्याकडे तो निळा पासपोर्ट आहे ना? कुणाला विचारायला नको, कुणापुढं उभं राहायला नको, आज तिकीट काढलं तर परवा माझ्या दारात. तिकीट रेमंड काढतोय. नागरिकत्व सोडायचं असेल तर नंतर सोड, मी गेल्यावर सोड. आत्ता सोडू नकोस. पाया पडते.

ये. मी तुला कुब्बे करून घालीन. बसून करीन, पण करीन.

नुहाद


झाहले, ३ नोव्हेंबर २०२२

नुहाद,

तुझं पत्र मला काल मिळालं. उम्म एलीची सून वाटेत पॅरिसला उतरली, तिच्या बहिणीला बाळ झालं होतं, पाच आठवडे राहिली. तिला काय माहीत. गोड हसत पाकीट दिलं, वर म्हणाली, "काका, चांगली बातमी असेल!"

मी २० ऑक्टोबरला सोडलं.

कसं ते सांगतो, कारण दुसरं काय सांगू. गाडी विकलेली होतीच. हबीबनं पोचवलं. आत एका तरुण अधिकाऱ्यानं मला नीट बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "सर, हे परत घेता येत नाही. कळतंय ना? कुणाचा दबाव नाही ना?" मी म्हटलं, नाही. "तिकडं कुणी आहे का तुमचं?" मी म्हटलं, "बहीण आहे. बोलत नाही." तो म्हणाला, "हवं तर विचार करा, दुसऱ्या दिवशी या." नुहाद, त्यानं मला वेळ दिला होता. मला वाटलं, आता कसला विचार. उजवा हात वर केला आणि त्याच्यामागून वाक्यं म्हटली. त्यानं निळा पासपोर्ट ठेवून घेतला. चार वर्षांत मी तो एकदाही वापरला नव्हता. त्याची पानं एकमेकांना चिकटलेली होती.

बाहेर आलो तर मला हलकं वाटलं. हे तुझ्यापासून लपवणार नाही. त्या दिवशी हबीबबरोबर समुद्रावर मासे खाल्ले. तेव्हा तुझं पत्र पॅरिसमध्ये कुणाच्या तरी बॅगेत होतं.

आज सकाळी शेजाऱ्याच्या फोनवरून वकिलातीत लावला. म्हटलं, प्रमाणपत्र अजून आलं नाही, मागं घेतो. बाईनं सांगितलं, शपथ घेतली त्या दिवसापासून ते लागू, कागद फक्त नंतर येतो. आता बाकी लोकांसारखा व्हिसा मागायचा. मागतोय. तातडीचा. तुझ्या डॉक्टरचं पत्र पाठव. आणि खालच्या नंबरावर रोज संध्याकाळी पाचला फोन कर, हा शेजाऱ्याचा आहे, तो देईल.

वदीअ


झाहले, २१ फेब्रुवारी २०२३

नुहाद,

फोनवर तुला "बघू, होईल" म्हणालो. झालेलं नाही. तुझा श्वास लागलेला ऐकला आणि जीभ रेटेना.

तातडीची वेळ मिळाली होती. खिडकीत ह्या वेळी दुसरी मुलगी. तिनं डॉक्टरचं पत्र वाचलं, "आय अॅम सॉरी" म्हणाली, मनापासून म्हणाली. मग विचारलं, "परत याल याची खात्री काय? नोकरी?" निवृत्त. "मुलं?" एक मुलगी, दुबईला. "घर?" वडिलांचं, वाटणीचा कज्जा चुलत्यांशी चालू. "बँकेत काही?" मी खात्याचा उतारा पुढं केला. पहिल्यांदाच मला त्या आकड्याचा उपयोग होईल असं वाटलं. तिनं तो पाहिला आणि हळूच मला परत दिला. म्हणाली, "सर, हे पैसे कसले आहेत हे आम्हालाही माहीत आहे."

अमेरिकेला मी चार वर्षं सांगत होतो की माझ्याकडे पैसे आहेत, तेव्हा तिनं ते खरं धरलं. आता धरलं नाही.

छापील कागद मिळाला. पुन्हा अर्ज करू शकता, परिस्थिती बदलली असल्यास. परिस्थिती काय बदलणार, नुहाद? मी पासष्टचा झालो. ओडेट म्हणाली, "दुसऱ्यांदा जा. ह्या वेळी रड." मी रडलो असतो गं. पण त्या मुलीला रडणं रोज दिसत असणार.

आपण भेटू असं मला म्हणायला लावू नकोस. अडतीस वर्षं मी पोरांना शिकवलं की उत्तर आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही.

रेमंडला सांग, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

वदीअ


टोलिडो, ९ मे २०२३

वदीअ,

हे रेमंडच्या हातून टपालात टाकतेय. फोनवर तू रडतोस, मी रडते, मग तुमची वीज जाते. म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, हात सुजलाय.

हृदय आता यंत्राला साथ देत नाही म्हणतात. आठवड्यातून तीनदा होतं ते दोनदा केलं, आता मी म्हटलं, पुरे. डॉक्टर चांगला आहे, इराकी आहे, अरबीत बोलतो. त्यानं "नाही" म्हटलं नाही. दहा दिवस, पंधरा दिवस. घरीच आहे. रेमंड रजा घेऊन आलाय. घड्याळ बघत नाही आता. काल त्यानं माझे पाय चेपले. आम्ही दोघांनी मिळून कराचा कागद नीट करून पाठवला, त्या पैशांसकट. माझं नाव घालून. अॅल म्हणाला, दंड होईल न होईल, तोवर तुला कोण शोधतंय. मेल्यानं हसवलं.

सगळे विचारतात, कुठं पुरायचं. चाळीस वर्षं मी झाहले म्हणत होते. आता फौझीच्या शेजारी म्हणाले. पेटी तिकडं पाठवायची तर तिथंही कागद, इथंही कागद. माझ्यासाठी आता कुणी एकही फॉर्म भरायला नको.

आई लाडात आली की म्हणायची ना, "मला पुरशील रे तू"? परवा मी रेमंडला तेच म्हणाले, त्याचे केस विंचरताना, इंग्रजीत. तो इतका घाबरला! म्हणाला, "ममा, असं का बोलतेस?" मी म्हटलं, अरे, तुझ्याआधी मी जावं एवढंच त्यात असतं, हे प्रेम आहे. त्या भाषेत ते नीट उतरत नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. त्या सुनेवरही नाही. बाळ कसं आहे विचार. माझा राग असलाच तर ट्रंकेवर आहे, माझ्या.

एक काम सांगते. इथला पाद्री भला आहे, पण प्रार्थना इंग्रजीत म्हणतो. मला त्यातलं अर्धं माझं वाटत नाही. रेमंड तुला दिवस आणि वेळ कळवील. त्या वेळी तू अंगणात, गच्चीत, कुठंही उभा राहा आणि ती अरबीत एकदा म्हण. तुझा विश्वास नाही, मला माहीत आहे. तरी म्हण.

आणि मोठ्यानं म्हण. मला अलीकडं कमी ऐकू येतं.

नुहाद